उजवीकडचं उद्गारचिन्ह

दिलीपकाकांचा फोन आला तेव्हा मी लंडनमध्ये, हाउन्सलोला बसच्या वरच्या मजल्यावर होते. "शलाका, सुमन गेली गं... दुपारी, झोपेतच," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. बस ट्रॅफिकमध्ये अडकली होती. दारं बंद, काचांवर सगळ्यांच्या श्वासाची वाफ. उतरावंसं वाटत होतं आणि उतरता येत नव्हतं. त्याला आता सहा आठवडे झाले, पण त्या बसमधून मी अजून उतरलेली नाही.

सुमनमावशी ही माझ्या आईची पुण्याची कॉलेजमैत्रीण, आणि दिलीपकाका तिचे यजमान. ती एजवेअरला राहायची आणि एका हॉस्पिटलात मानसशास्त्रज्ञ होती. स्ट्रोक झालेल्या माणसांचं लक्ष कुठे जातं, कशाने जातं, हे ती तपासायची. आमच्या घरात वेगळीच हवा. बाबा सफाई कामगारांच्या युनियनमध्ये. मी दहाव्या वर्षी लंडनला आले आणि इंग्रजी शिकले ती पत्रकांच्या घड्या घालता घालता. मावशी आली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिची चेहऱ्यांच्या फोटोंची कार्डं आणि आमची पत्रकं एकमेकांत मिसळायची. "बघ, इतक्या चेहऱ्यांत रागावलेलाच आधी दिसतो की नाही?" ती विचारायची. "मेंदूचं असंच. भीती दिसली, राग दिसला, की बाकी सगळं बाजूला." मग हसून म्हणायची, "मराठीत बरंय. आपण लक्ष देतो आणि आपलं लक्ष लागतंही. दिलेलं काढून घेता येतं. लागलेलं नाही."

सरकारने विमानतळाजवळ कोंडून ठेवलेल्या निर्वासित कुटुंबांवर मी एक पत्रक लिहिलं होतं. मराठीत, आपल्या लोकांनी वाचावं म्हणून. त्यावर मावशीची सही मला हवी होती. तिने चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि उद्गारचिन्हं मोजली.

"एकवीस! पानभर नुसती ओरडलीयेस. अगं, घाबरलेला माणूस नीट वाचत नाही. त्याचं लक्ष भीतीतच अडकून पडतं. त्या लोकांना त्यांनी तिकडे कोंडलंय, तू वाचणाऱ्याला इकडे कोंडतेस."

मला ते झोंबलं. "तुला तुझी सरकारी नोकरी सांभाळायचीय, म्हणून माझं व्याकरण काढतेस," मी म्हणाले. तिने पेन्सिल खाली ठेवली. त्यानंतर दोन वर्षं आम्ही बोललो नाही. त्या माणसांना कोंडणं हा अन्याय होता, आजही आहे, आणि त्याबद्दलचा एकही शब्द मी मागे घेणार नाही. पण ते वाक्य... ते मी तिला लागावं म्हणूनच बोलले होते.

मग दोन हजार सहाच्या जानेवारीत तिलाच स्ट्रोक झाला, मेंदूच्या उजव्या बाजूला. मी केअर होममध्ये गेले. दाराला कोड, चार बोटंच उघडणारी खिडकी, कधीच बंद न होणारा हीटर. तिच्या डाव्या हाताशी खुर्ची होती, तिथे बसले. "मावशी, मी शलाका." ती उजवीकडच्या भिंतीकडे बघत राहिली. पुन्हा हाक मारली. मान वळली नाही. अर्धा तास मी त्या खुर्चीला खिळून होते आणि एकच गोष्ट मनात पक्की होत गेली... हिने मला माफ केलेलं नाही. माफीची चिठ्ठी लिहून आणली होती, ती तिच्या टेबलावर टाकून निघाले. घाईत दाराचा कोड चुकला. दोनदा. आत रडायचं नाही असं ठरवलं होतं, तेही जमलं नाही.

तीन आठवडे मी घरात धुमसत होते. मग काकांनी फोन केला. "आली होतीस म्हणे. कुठल्या बाजूला बसलीस?"

"डाव्या."

"अगं वेडे, तिला डावी बाजू उरलेलीच नाही. डोळे ठीक, कान ठीक, पण लक्षच तिकडे जात नाही. ताटातला डावीकडचा भातसुद्धा तसाच राहतो."

जन्मभर ती लोकांमध्ये जे तपासत होती, तेच हे. आणि मी त्याला तिचा राग समजले होते.

दुसऱ्या दिवशी धावत गेले. उजवीकडच्या खुर्चीत काका बसल्याबसल्या झोपले होते, त्यांना उठवेना, म्हणून मी डावीकडेच उभी राहिले. तेवढ्यात तिथली कामावरची मुलगी आली. "ऑल डन, डार्लिंग?" म्हणत तिने ताट उचललं. अर्धा भात तसाच होता. "शी इज नॉट डन!" मी कडाडले. "प्लेट फिरवली असती तर खाल्लं असतं तिने!" मुलगी बिचारी मराठी ऐकून बघतच राहिली. आणि मावशीची मान हळूहळू, जड दार ढकलावं तशी, माझ्याकडे वळली.

"आवाज खाली, शलाका," ती म्हणाली. "उद्गारचिन्हं..."

मी उजवीकडे पळाले. तोवर तिचे डोळे मिटले होते. पुढे जेव्हा जेव्हा गेले, ती झोपलेलीच होती. माफी तोंडाने मागायची राहिली. दहा दिवसांनी ती गेली.

माझ्या रागानेच तिची मान वळली, हे मला सोडत नाही. साध्या हाकेला ती वळली नव्हती. तिची कार्डं खरं सांगत होती, आणि तिचं पत्रकाबद्दलचं म्हणणंही खरं होतं. दोन्ही एकदम खरं असेल तर मी लिहायचं कसं, हे विचारायला आता ती नाही.

परवा काकांनी तिच्या खणात सापडलेली माझी चिठ्ठी परत दिली. एकच ओळ आहे, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. "मावशी! तुला लागेल असं बोलले, माझं चुकलं!" उजव्या टोकाचं उद्गारचिन्ह थरथरत्या पेन्सिलने खोडलंय आणि शेजारी पूर्णविराम दिलाय. डावीकडे, 'मावशी'पुढचं चिन्ह मात्र तसंच आहे. तिथवर ती पोचली नाही.

ते मी खोडलेलं नाही.