त्या कोपऱ्यात मी 'पडीक' लिहिलं

पार्बताबाई गेल्याचं मला गावाच्या ग्रुपवर कळलं. अंगणवाडीत लेकरांची वजनं घेत होते, मोबाइल वाजला, पाहते तर तिचा फोटो. उकिडवी बसलेली, मुठीत राख, समोर जमिनीवर काढलेला तलाव. खाली लिहिलेलं, 'तलाव संवर्धनात मोलाचं योगदान देणाऱ्या पार्बताबाईंना भावपूर्ण श्रद्धांजली.' माझं डोकंच फिरलं. जिवंत होती तेव्हा सभेत दोनदा जिला खाली बसवलं, तिचं हे योगदान. तीन दिवसांचा ताप, तालुक्याचा दवाखाना, आणि तिथेच संपलं. मग मीही सगळ्यांसारखे हात जोडलेलं चिन्ह टाकलं आणि पुढच्या लेकराला काट्यावर बसवलं.

आमचं गाव सावली या तालुक्याच्या गावापासून आत, धानाच्या बांध्यांमधलं. गावाच्या उशाला जुना मालगुजारी तलाव. पार्बताबाई ढिवराची. त्यांच्यातले पुरुष डोंगा घेऊन खोल पाण्यात जाळं टाकतात आणि बाया काठाकाठाने, गुडघाभर पाण्यात हातजाळं घेऊन फिरतात. तलावाचा वरचा कोपरा, जिथे पाणी पसरट होतं, तो बायांचा. तिथे मरळ अंडी घालते. लालसर पिल्लांचा घोळका वर तरंगतो आणि आई खाली राखणीला असते. ती पिल्लं मोठी होईपर्यंत पार्बताबाई त्या आईला हात लावू द्यायची नाही, जावेशी यावरून दोन वर्षं अबोला धरला होता तिने. त्याच कोपऱ्यात देवधान उगवायचं. नांगर न लागलेलं, आपोआप येणारं धान. ऋषिपंचमीच्या उपासाला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, म्हणून गावातल्या सगळ्या बायांचा तो उपास या देवधानावर सुटायचा. माझ्या घरी ती स्वतः आणून द्यायची, कांडून, पाखडून, पळसाच्या पानात. वीस वर्षं मी ते खाल्लं.

तीन उन्हाळ्यांमागे तलावाचा आराखडा करायला साहेब लोक आले. गावकऱ्यांनीच ठरवायचं, तलावाचं पुढे काय करायचं ते, असं म्हणाले. चांगलंच होतं ते. समाजमंदिरात नकाशा काढायचा ठरला. पुरुषांनी खडूने एक गोल काढला, बांधाची पाळ काढली, मधे डोंगा काढला आणि झालं म्हणून विड्या काढल्या. पार्बताबाई दाराशी बसली होती, ती उठली. चुलीतली राख आणवली आणि त्या गोलाच्या बाहेर पाणी कुठवर चढतं, कुठून उतरतं ते काढत गेली. वरच्या कोपऱ्यात तिने गवताच्या काड्या रोवल्या. साहेबांनी फोटो काढले. मग तो नकाशा मोठ्या कागदावर उतरवायला बोलावलं ते मला. माझं अक्षर चांगलं ना! गावात कोणताही कागद असो, बाईला बोलवा.

पार्बताबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून ती माझ्या बाजूला बसून प्रत्येक शब्दावर बोट ठेवून काय लिहिलंय ते विचारायची. इथी का लिवलं? इथी का लिवलं? सांगून सांगून मी कंटाळले. वरचा कोपरा आला तेव्हा साहेबांनी दिलेल्या यादीत पाहिलं. खोल पाणी, उथळ पाणी, शेत, पडीक. दिवस वैशाखाचे, कोपरा भेगाळलेला, पाण्याचा थेंब नाही. उथळ पाणी कसं लिहू? मी 'पडीक' लिहिलं. तिचं बोट तिथे आलं.

"इथी का लिवलं वं बाई?"

"काही नाही," मी म्हटलं, "कोरडी जागा आहे म्हणून लिहिलं."

"आता कोरडी आहे," ती म्हणाली, आणि बोट पुढे सरकलं.

साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या अक्षराची तारीफ केली. मी फुगले. खोटं काय सांगू.

पुढच्या उन्हाळ्यात त्या कोपऱ्यात मुरुमाचे टिप्पर रिकामे व्हायला लागले. पडीक जागा म्हणून तिथे दगडी भिंत, फिरायला रस्ता, बसायला बाकं. पाटीवर 'लोकसहभागातून'. पार्बताबाई तडक माझ्या घरी आली. पाणी दिलं तर घेतलं नाही.

"बाई, थे खोड," ती म्हणाली. "तुयाच हातचं आहे, तूच खोड."

मी तिला समजावत बसले. आता सह्या झाल्या, शिक्के झाले, कागद वर गेला, माझ्या हातात काही नाही. यातलं निम्मं खरं असेल. उरलेलं हे, की मला सभेत उभं राहून 'मी चुकीचं लिहिलं' म्हणावं लागलं असतं, आणि ते मला नको होतं. चार टिप्परच पडले होते तोवर. सरपंचांकडे गेले असते तर काम थांबलं असतं की नाही, देव जाणे. पण मी गेलेच नाही. ती एकटी गेली. सभेत उठली, खाली बसवली. पुन्हा उठली, पुन्हा बसवली. कागदावर गावानेच लिहून दिलंय, असं सांगितलं तिला. मी तिसऱ्या रांगेत होते... मान खाली घालून.

भिंत झाली. पाणी आता भिंतीला लागतं आणि थांबतं, पसरत नाही. मरळ चढायला जागा नाही, देवधान नाही. बाया काठावरून उठल्या. आमची शेवटची भेट सावलीच्या बाजारात झाली, पार्बताबाई थर्माकोलचा डबा घेऊन बसलेली, आत बर्फातली आंध्राची मासोळी. ढिवराची बाई, तलाव उशाशी, आणि दुसऱ्याच्या तळ्यातली मासोळी विकत होती! मी अर्धा किलो मागितली. काहीतरी द्यावं तिला, एवढंच डोक्यात होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डब्यावर झाकण ठेवलं.

"तू नको घेऊ, शिळी आहे," म्हणाली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा ऋषिपंचमी झाली. दुकानातून भगर आणली, पाकिटातली. फळीवरच्या पितळी डब्यात तिने दिलेलं शेवटचं देवधान आहे, मूठभर. ते शिजवायला हात धजला नाही. त्याच दिवशी ग्रामपंचायतीतून माणूस आला. शेजारच्या गावच्या तलावाचा आराखडा करायचा आहे, तिथेही लोकांनाच विचारून सगळं ठरवणार आहेत, आणि नकाशा उतरवायला अक्षर तुमचंच हवं, म्हणाला. कोऱ्या कागदाची गुंडाळी ठेवून गेला. मी नाही म्हटलं नाही. ती गुंडाळी डब्याच्या बाजूला उभी आहे. काल उलगडली, पेन उघडलं, आणि बसून राहिले. मी काय लिहिते त्यावर बोट ठेवून विचारणारं आता कुणी नाही.