नितळ पाणी

त्या दिवशी सांडपाण्यात कॉस्टिक सोडा टाकायला मीच सांगितलं, आणि मालकांनी विचारल्यावर गप्पही मीच बसलो. हे आधी लिहून टाकतो. नाहीतर आप्पांबद्दल लिहिण्याचा मला अधिकार नाही.

अंबडच्या आमच्या कारखान्यात लोखंडी सुट्या भागांवर जस्ताचा मुलामा चढे. आप्पा तिथल्या सांडपाण्याच्या टाक्या सांभाळत. पीएच मीटर काहीही दाखवो, ते टाकीतलं पाणी काचेच्या उंच भांड्यात भरून खिडकीत ठेवत आणि समोर उकिडवे बसत. जस्ताचा पांढरा गाळ तळाशी बसला, की मगच पाणी पुढे सोडत. कोणी घाई केली तर म्हणत, "गाळ काय तुमचा नोकर हाय का? बसंल तवा बसंल."

त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. मी एम.एस्सी., नवा केमिस्ट. उभयधर्मी पदार्थ आम्लातही विरघळतात आणि अल्कलीतही, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. आप्पांनी ते टाकीत पाहिलं होतं.

प्रदूषण मंडळाचे तपासणी अधिकारी फाटकात आल्याचा फोन आला, तेव्हा शेवटच्या टाकीतलं पाणी अजून गढूळच होतं. पीएच नऊ. आणखी अल्कली पडली की गाळ झटकन बसेल, असं घाईत मला वाटलं.

"आप्पा, कॉस्टिक टाका."

"नको साहेब. आता पीएच अजून वर नेला की जस्त परत पाण्यात जातं. धा मिन्टं द्या फक्त."

"कुठून आणू दहा मिनिटं? टाका म्हणतो ना!"

त्यांनी दोन बादल्या ओतल्या. ढवळता ढवळता गाळ नाहीसा झाला, पाणी नितळ. मी निःश्वास टाकला. आप्पा पुटपुटले, "साफ नाय झालं साहेब. लपलं."

अधिकाऱ्यांनी नेलेला नमुना नापास झाला; विरघळलेलं जस्तही जास्त निघालं आणि पीएचही. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कॉस्टिक कोणी टाकलं?" माझी नोकरी कच्ची, लग्न ठरलेलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी टाकलं." तेही खोटं नव्हतंच. त्याच आठवड्यात त्यांना काढलं.

सोळा वर्षांनी, गेल्या महिन्यात, सिन्नरजवळच्या त्यांच्या गावी गेलो. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, चहा हातात दिला आणि त्या हसत म्हणाल्या, "या साहेब! तुमच्या कंपनीचं पाणी नासवून आले ना आमचे हे. पोरं अजून चिडवत्यात."

"अगं, बिस्किटं आण," आप्पा घाईने म्हणाले.

म्हणजे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. मी कप खाली ठेवला.

"काकू, आप्पांनी मला अडवलं होतं. मी ऐकलं नाही, आणि नंतर तोंडही उघडलं नाही. आप्पा, तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. मला माफ करा."