माफी म्हणायची सवय

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

आमच्या कंपनीनं बहारीनमध्ये, सौदीला जाणाऱ्या पुलाजवळच्या ओसाड किनाऱ्यावर गोदामं उभारली. तिथं मी कागद टाइप करायचो आणि आमचे ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, ट्रकनं माल पलीकडे न्यायचे. साताऱ्याकडचे, पन्नाशीचे. केबिनमध्ये चढताना चपला काढायचे, आणि काहीही बोलण्याआधी माफी मागायचे. “माफी हां सायब, तेवढी सही.” मी चिडवायचो, “अहो मामा, आधी गुन्हा तरी करा!” “करू की, इंशाल्ला,” म्हणून हसायचे.

नव्या गोदामातून पहिला माल निघाला, त्या यादीत पंपांची चार खोकी टाइप करायची माझ्याकडून राहिली. कागद दाखवायला मीही सोबत गेलो होतो; पुलावर मामांच्या शेजारीच उभा होतो. कस्टमवाल्यानं यादी दाखवून अरबीत विचारलं, आणखी काही आहे का? मामांना अरबी कळेना; वाटलं, कस्टमचा साहेब रागावलाय. त्यांनी हात जोडले, “माफी, माफी.” तिकडच्या बोलीत त्याचा अर्थ ‘काही नाही’. मग ट्रक उघडला, खोकी निघाली, आणि मामा खोटं बोलले असं ठरलं.

मला दोन्ही अर्थ ठाऊक होते. पण तोंड उघडलं असतं तर यादी कुणी केली, हेही निघालं असतं. मी घड्याळ बघत राहिलो.

आठवड्याभरात त्यांचा व्हिसा रद्द झाला. जाताना माझा हात धरून म्हणाले, “तुमी संगं हुता म्हनून निभावलं, सायब.”

चूक माझी होती, एवढं एक वाक्य मी त्या माणसाचं अजून देणं लागतो.