मुसाफिरखान्यातला गवंडी

मंदीत माझी दुबईतली नोकरी गेली आणि अल कुसैसचा फ्लॅट सोडून आम्ही रास अल खैमाला आलो. तिथं एका छोट्या ऑफिसात मी दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज तपासायचो. साइटवर कुणी ‘सर’ म्हणून हाक मारावी, याची मला भूक लागली होती. म्हणून खाडीकाठच्या जुन्या मुसाफिरखान्याच्या दुरुस्तीत मी आपणहून शिरलो.

तिथं पूर्वी मोत्यांचे व्यापारी आणि खलाशी उतरायचे. आता छत कोसळलं होतं, अंगणात बकऱ्या बसायच्या. काम घेतलेली कंपनी मंदीत पळाली, तेव्हा म्हाताऱ्या अरब मालकानं लोकांनाच हाक दिली. मच्छीमारांनी दोर दिले, शेजाऱ्यांनी खजुराच्या झावळ्या. फॅक्टरीतले कामगार शुक्रवारची सुट्टी सोडून यायचे, आम्ही मराठी कुटुंबं त्यांचं जेवण न्यायचो. इंजिनियर मी एकटाच. सगळे मला विचारून हात लावायचे. मी खुशीत होतो.

मग गुहागरकडचा एक गवंडी यायला लागला. मी करून घेतलेल्या प्लास्टरवर त्यानं बोटानं टिचकी मारली.

“साहेब, सिमेंट इथं धरायचं नाय. भिंतीत खार आहे. चुना लागेल.”

“सिमेंटच राहील,” मी म्हटलं.

महिन्याभरात प्लास्टरचे पापुद्रे सुटले. गवंड्यानं अंगणात खड्डा खणून चुना विझवायला घातला. त्याची पहिली भिंत उभी राहिली आणि म्हातारा तिच्यावरून हात फिरवत राहिला. त्या दिवसापासून कॉफीच्या वेळी गवंडी म्हाताऱ्याच्या शेजारी आणि मी समोर. घरी बायको म्हणाली, “काय हात आहे हो त्या माणसाचा!” मुलगी म्हणाली, “बाबा, ही इज द रिअल बिल्डर.” मी जेवणाचं ताट तसंच ठेवून उठलो.

पुढे त्याची कंपनी बंद पडली, व्हिसा रद्द होणार होता. म्हातारा त्याला आपल्याकडे घ्यायला तयार होता. फक्त हा कुशल कारागीर आहे, असं इंजिनियरचं पत्र हवं होतं.

“आप लिख दो, यल्ला,” म्हातारा घाई करत मला म्हणाला.

“इन्शाल्ला, उद्या देतो.”

पत्र मी त्याच संध्याकाळी लिहिलं आणि गाडीच्या कप्प्यात ठेवलं. तीन आठवडे ते तिथंच होतं. म्हाताऱ्यानं दोनदा विचारलं, मी ऑफिसच्या कामाचं निमित्त सांगितलं. गवंड्यानं एकदाही विचारलं नाही.

एका शुक्रवारी तो निरोप घ्यायला आला. मला खड्ड्यापाशी नेऊन त्यानं चुना किती दिवस मुरवायचा, वाळू किती घालायची, सगळं दाखवलं आणि स्वतःची थापी माझ्या हातात ठेवली.

“उरलेली भिंत तुम्हीच करा साहेब. तुम्हाला येईल.”

तो गेल्यावर मी सरळ म्हाताऱ्याच्या घरी जाऊन पत्र दिलं. त्यानं तारीख वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि पत्र घडी करून खिशात घातलं. त्या दिवशी त्यानं मला कॉफी विचारली नाही.

गवंड्याचा नवा व्हिसा यायला तीन महिने लागले. तोवर मी रोज ऑफिस सुटल्यावर ती भिंत केली. दोनदा पडली. तो परत आला तेव्हा तिच्यापुढे बराच वेळ उभा राहिला.

“मागची बाजू आहे ना? ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला.

मुसाफिरखाना उघडला त्या दिवशी म्हाताऱ्यानं दाराची किल्ली गवंड्याच्या हातात दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पत्र दडवल्याचं मी गवंड्याला अजून सांगितलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणीही मला ती किल्ली हवी होती.