दोघींचं दुकान

नेरेइदा न्यूयॉर्कला आली तेव्हा तिला केस धुण्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि तेवढं तरी येतं हेही तिनं सोराइदाबाईंना खोटंच सांगितलं होतं. सोराइदाबाईंचं सलून मोठं, शुक्रवारी तर पाय ठेवायला जागा नसायची. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या कानात नेरेइदानं पाणी घातलं. ती बाई ताडकन उठून ओरडायला लागली. तेवढ्यात शेजारच्या बेसिनवरची एक उंच, सावळी पोरगी टॉवेल घेऊन धावली आणि म्हणाली, "रागावू नका ताई, आज आमच्याकडे कान धुणं फुकट आहे." सगळं सलून हसलं. ती बाईही हसली आणि पुन्हा खुर्चीत बसली.

ती पोरगी म्हणजे योकास्ता. समुद्राकाठच्या बानी गावची. नेरेइदा डोंगरातली, सान हुआनच्या बाजूची. दोघी एकाच देशाच्या, पण आपल्या बेटावर असत्या तर आयुष्यात भेटल्या नसत्या. इथं न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स वस्तीत दोघींची घरं दोन गल्ल्या सोडून होती, आणि पुढची कितीतरी वर्षं त्यांचा एक दिवस एकमेकींवाचून गेला नाही.

नेरेइदा हळूहळू शिकली. ओल्या केसांच्या बटा करायच्या, रोलरवर घट्ट गुंडाळायच्या, बाईला ड्रायरखाली बसवायचं, मग ब्रश आणि गरम हवेनं केस असे ओढायचे की मानेपाशी रेशमासारखे पडले पाहिजेत. हाताला चांगला गुण होता तिच्या. फक्त एका कामाला ती घाबरायची. केस कायमचे सरळ करण्याचं औषध लावून त्यावर गरम इस्त्री फिरवली की त्यातून धूर निघायचा. डोळ्यांत, घशात शिरायचा. नेरेइदाला लहानपणापासून दम्याचा त्रास. पहिल्यांदाच ते काम करताना ती खोकत खोकत भिंतीला टेकली. योकास्तानं तिच्या हातातून इस्त्री काढून घेतली.

"हो बाजूला. धुराचं काम माझं. तू आपली रोलर लाव."

"रोज रोज माझं काम तू करणार?"

"अगं, माझी छाती बानीच्या मिठागरात वाढलेली आहे. तिला काय होतंय?"

तेव्हापासून तशीच वाटणी पडून गेली. कुणी ठरवून केली नाही, नंतर कुणी त्याबद्दल विचारलंही नाही.

नेरेइदाचा नवरा फाउस्तो टॅक्सी चालवायचा. माणूस वाईट नव्हता असं लोक म्हणत, आणि लोकांना त्याच्याबरोबर राहायचं नव्हतं. नेरेइदाचा पगार आला की त्याच्या हातात जायचा, आणि बसभाड्याला पैसे मागून घ्यावे लागायचे. योकास्ताला नवराच नव्हता. होती एक मुलगी, यानेलिस, तेव्हा शाळेत जाणारी. त्या यानेलिसला एकदा कडक ताप भरला. योकास्तानं घरी जायची परवानगी मागितली. सोराइदाबाई म्हणाल्या, "शुक्रवारी? जा खुशाल. पण मग शनिवारी येऊ नकोस." योकास्तानं अंगावरचा कामाचा झगा काढला, नीट घडी करून काउंटरवर ठेवला आणि निघाली. नेरेइदा हातातलं गिऱ्हाईक पुरं करून तिच्या मागं तिच्या घरी गेली. यानेलिसच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी होती, आणि योकास्ता स्वयंपाकघरात कच्ची केळी उकडून त्यांच्याकडच्या मांगू नावाच्या भरतासाठी ठेचत होती, इतक्या जोरात की टेबल हलत होतं.

"आपण दोघी दुकान काढू," ती मान वर न करता म्हणाली.

"कशाच्या जोरावर? कंगव्याच्या?"

"भिशी आहे ना."

गल्लीतल्या बायकांची भिशी होती. कुणी साफसफाई करणाऱ्या, कुणी म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या, कुणी घरी शिवणकाम करणाऱ्या. त्या वर्षी पहिला नंबर दुसऱ्याच एका बाईचा होता. तिनं तो सोडला. म्हणाली, "माझे केस जन्मभर फुकट करायचे, एवढंच." आणि तिचे केस त्यांनी खरोखर जन्मभर फुकट केले.

फाउस्तोला कळलं तेव्हा तो जेवत होता. घास तोंडात घोळवत म्हणाला, "दोन बायका आणि एक दुकान! महिनाभरात एकमेकींच्या झिंज्या धराल."

योकास्ता दारातच उभी होती. "झिंज्या धरायचे आम्ही पैसे घेतो, फाउस्तो. तुला धरायच्या असतील तर नंबर लावून ये."

जागा मिळाली ती रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली. आधी तिथं चपला दुरुस्त करणारा बसायचा. चामड्याचा वास जायला सगळा हिवाळा लागला. एकच लहानशी खिडकी, वरच्या फुटपाथच्या पातळीला, तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत. पाटीवर त्यांनी फक्त 'दोघी' एवढंच रंगवून घेतलं. पहिल्या आठवड्यात ओळखीच्या बायका आल्या, दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या बहिणी, आणि पुढं अशी वेळ आली की शनिवारी बायका पायऱ्यांवर बसून वाट बघायच्या आणि योकास्ता आतूनच त्यांच्याशी भांडायची, थट्टा करायची, कुणाच्या मुलाचं लग्न जमवायची. ईस्टरच्या आधीच्या उपासात ती घरून राजम्याची गोड खीर मोठ्या पातेल्यात करून आणायची आणि ड्रायरखाली बसलेल्या प्रत्येकीच्या हातात वाटी द्यायची. गरम हवेनं ऐकू यायचं नाही म्हणून बायका ओरडून खिरीचं कौतुक करायच्या.

एक दिवस फाउस्तो दुकानात आला आणि गल्ल्याची किल्ली मागितली. नवरा म्हणून. नेरेइदा एका म्हातारीच्या डोक्यात रोलर लावत होती. तिनं हात थांबवला नाही.

"नाही देणार," ती म्हणाली.

एवढे दोनच शब्द बोलायला तिला लग्नानंतर इतकी वर्षं लागली होती. त्या संध्याकाळी तिनं कपडे आणि आईनं दिलेली कॉफीची किटली उचलली आणि योकास्ताच्या घरी जाऊन राहिली. पुढं तिनं त्याच इमारतीत स्वतःची खोली घेतली. दारावर स्वतःचं नाव लावलं. कधी दुपारी कामातून घरी जाऊन उगाच दार उघडून बघायची आणि परत दुकानात यायची.

यानेलिस मोठी झाली. हिशेबनीस व्हायला कॉलेजात गेली. फी दोघी मिळून भरायच्या. नेरेइदाला मूल नव्हतं, आणि त्या पोरीला आपल्याला दोन आया आहेत असंच वाटायचं. याच सुमारास योकास्ताला खोकला लागला. आधी सर्दी म्हणून, मग हवा कोरडी म्हणून, मग हिवाळा म्हणून. तिचा तो पायऱ्यांपर्यंत ऐकू जाणारा आवाज घोगरा झाला.

नेरेइदानं एका सकाळी दुकान उघडताना विषय काढला. "केस सरळ करायचं आपण बंद करू. रोलर, धुणं, रंग, एवढ्यावर भागवू."

"भागवू? अर्धं दुकान त्या धुरावर चालतं, बये."

"तू खोकतेस."

"तूही खोकायचीस. मेलीस का?"

"मी धुरात नाही उभी राहत, योकास्ता. तू राहतेस."

योकास्ता हसली, आणि हसता हसता खोकली. "यानेलिसची फी कोण भरणार, तुझा फाउस्तो? दोन वर्षं. पोरगी पास होऊ दे, मग मीच ती इस्त्री नदीत फेकते. चल, शटर वर कर."

त्यांनी खिडकीत एक पंखा बसवला. नेरेइदानं पुन्हा दोनतीनदा विषय काढून बघितला, आणि मग सोडून दिला. पुढं तिला आठवायचं ते भांडण नाही, हे सोडून देणंच आठवायचं.

यानेलिस पास झाली त्या उन्हाळ्यात योकास्ताला जिने चढवेनात. तपासण्या झाल्या. फुफ्फुसात गाठ, आणि पसरलेली. डॉक्टर तरुण होता, स्पॅनिश बोलायचा प्रयत्न करत होता. सिगारेट ओढता का, म्हणून त्यानं विचारलं. कधीच नाही. काम काय करता? योकास्तानं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि म्हणाला की कशानं झालं ते नक्की सांगता येत नाही. नेरेइदा बाजूच्या खुर्चीत बसून होती. तिला वाटलं, तो आता आपल्याकडे बघेल. त्यानं बघितलं नाही.

औषधांनी केस गळायला लागले. योकास्ताचे केस म्हणजे दुकानाची जाहिरात होती. कमरेपर्यंत, सरळ, चमकदार. दुकान बंद असतं त्या सोमवारी ती पायऱ्या उतरून आली आणि आपल्याच खुर्चीत बसली.

"काढून टाक. उशीवर रोज सकाळी थोडे थोडे बघण्यापेक्षा एकदाच."

नेरेइदानं मशीन चालवलं. योकास्ता आरशात बघत म्हणाली, "कान बघ केवढे माझे. इतकी वर्षं सांगितलं नाहीस? मैत्रीण म्हणे."

दोघी हसल्या. मग नेरेइदाला मशीन धरवेना, म्हणून ते योकास्तानं हातात घेतलं आणि मागचं राहिलेलं चाचपडत स्वतःच काढलं.

वर्षभरानं डॉक्टरांनी औषधं थांबवली. आता उपयोग नाही म्हणाले. औषधं थांबली तसे केस परत आले, बोटाच्या पेराएवढे, दाट, कुरळे, अगदी बारीक वळणांचे. योकास्ता बिछान्यात पडल्या पडल्या त्यातून हात फिरवत बसायची. सहा वर्षांची असल्यापासून तिच्या केसांना कुणी असं राहू दिलं नव्हतं. "ही कोण बाई?" ती नेरेइदाला विचारायची. "हिला मी ओळखत नाही. पण बरी दिसते, नाही?"

बानीहून तिची आई आली, एउदोसिया. तिला सगळे मानानं दोन्या म्हणत. वाळलेली, ताठ, काळ्या कपड्यांतली म्हातारी. लेकीजवळ तिला दहाबारा दिवस मिळाले. योकास्ता एका पावसाळी दुपारी गेली. यानेलिस औषध आणायला खाली गेली होती, आई माळ ओढत होती, आणि नेरेइदा तिच्या पायांना तेल लावत होती. पाय गार लागले म्हणून तिनं वर बघितलं.

अंत्यविधीच्या जागी म्हातारीनं नेरेइदाला बाजूला घेतलं. "हिचे केस कर."

"केलेत, दोन्या. धुतलेत, तेल लावलंय."

"हे केस आहेत? लोक येतील. माझी मुलगी न्यूयॉर्कात केसांच्या दुकानाची मालकीण होती. अशी विस्कटलेली नाही जाणार ती. सरळ कर."

नेरेइदाच्या तोंडी आलं होतं की तिला असेच आवडत होते. पण लेक गमावलेल्या आईशी कोण वाद घालणार? ती दुकानात गेली, पिशवी घेऊन आली. इस्त्री मात्र तिनं आणली नाही. केस ओले केले, सगळ्यात बारीक रोलर काढला आणि एक बट गुंडाळली. सुटली. पुन्हा गुंडाळली, पिन लावली. पिनेसकट घरंगळली. केस इतके आखूड की कशावर टिकतच नव्हते. नेरेइदा गुंडाळत राहिली, रोलर पडत राहिले, एक जमिनीवर पडून गडगडत भिंतीशी गेला. यानेलिस तोंड फिरवून उभी राहिली.

म्हातारी बराच वेळ बघत होती. मग पुढं आली आणि तिनं नेरेइदाचं मनगट धरलं.

"राहू दे गं," ती म्हणाली. तिनं लेकीच्या केसांत बोटं घातली. "जन्मली तेव्हाही असेच होते. दाईनं म्हटलं होतं, हिच्या डोक्यात कंगवा मोडेल." आणि मग आल्यापासून पहिल्यांदाच ती मोठ्यानं रडली.

नऊ दिवस घरात प्रार्थना झाल्या. गल्लीतल्या बायका कॉफी आणि पाव घेऊन यायच्या. दहाव्या दिवशी नेरेइदानं दुकान उघडलं आणि केस सरळ करण्याचं काम बंद असल्याचं प्रत्येकीला तोंडानं सांगितलं. काहीजणी समजून घेऊन राहिल्या. पुष्कळ गेल्या, चार दुकानं पुढं तेच काम स्वस्तात होत होतं. यानेलिसला चांगली नोकरी लागली, ती दुसऱ्या गावी गेली. रविवारी फोन करते, सुरुवातीला रडायची, आता रडत नाही. पुढं मालकानं भाडं असं वाढवलं की एकटीच्या हातानं ते निघणं शक्य नव्हतं. नेरेइदानं दुकान बंद केलं आणि तिन्ही खुर्च्या विकल्या. योकास्ताची खुर्ची एका तरुण मुलीनं घेतली. ब्रॉन्क्समध्ये नवं दुकान थाटत होती. तिनं विचारलं, "चांगली आहे ना? मोडकी नाही ना?" नेरेइदा म्हणाली, "चांगली आहे. पण खिडकीजवळ ठेव. आणि खिडकी उघडी ठेव."

मुलीला वाटलं, ही कसली अट. तिनं हो म्हटलं.

नेरेइदा आता घरीच चारदोन जुन्या गिऱ्हाइकांचे केस करते. खोली तिची आहे, पैसे तिचे आहेत, कुणाला विचारावं लागत नाही. ज्यासाठी दोघींनी एवढं केलं ते सगळं तिला मिळालं, आणि संध्याकाळी ते कुणाला सांगावं तेच तिला समजत नाही.

दर जानेवारीत ती बानीला जाते. दोन्या एउदोसिया आता फारशी हिंडत नाही. अंगणातल्या आंब्याखाली तिला खुर्चीत बसवून नेरेइदा तिचे केस धुते, हलक्या हातानं, कानात पाणी जाऊ न देता. म्हातारी कुरकुरत असते.

"पाणी गार आहे."

"उन्हात ठेवलं होतं, दोन्या."

"मग ऊन गार असेल."

शेजारच्या घरातून रेडिओ ऐकू येतो. नेरेइदा तांब्या भरून घेते, पाण्यात बोट बुडवून बघते, आणि थोडं गरम करून आणायला आत जाते.