मधुकर शेवट सांगून टाकतो

मंगळवार, ११ मार्च २०२५. सकाळी धुकं, नऊनंतर कडक ऊन. पावणेदहाच्या बसने पेडण्याला. ग्रंथालयात मधुकरला वरच्या ऑफिसातून पत्र आलं आहे. ‘पसंतीच्या कपाटा’तून या महिन्यात वीस वस्तू लोकांनी घरी नेल्या नाहीत, तर कपाट दुसरीकडे जाणार आणि मधुकर डिचोलीला, जुनी वर्तमानपत्रं बांधून ठेवतात त्या खोलीत. बारा दहाच्या बसने परत.

तारीख, हवा, मग काय घडलं, आणि मत असलंच तर शेवटी एका ओळीत, अशी डायरी लिहायला कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी शिकवलं, ते मी सोडलेलं नाही. त्या दिवशी मत लिहिलं नाही. लिहिलं असतं तर एवढंच, की चूक मधुकरचीच आहे.

मी इब्रामपूरची. हे गेल्यापासून दर मंगळवारी आणि गुरुवारी पेडण्याला जाते. थोडा बाजार, थोडं ग्रंथालय. मधुकर तिथे सव्वीस वर्षं आहे. केरीचा. वडील दशावतारी मंडळीत राक्षसाचं काम करायचे, आणि उंची, आवाज आणि भुवया हे तिन्ही त्यांच्याकडून याला आले. लागला तो पुस्तकांवरची धूळ पुसायला. पुसता पुसता एक पुस्तक उघडं राहिलं, आणि त्या दिवशी निम्मं कपाट तसंच धुळीत राहिलं, असं तो स्वतःच सांगतो.

तीन वर्षांपूर्वी कपाट आलं. कर्मचाऱ्यांनी नव्यातलं आपल्या आवडीचं एक पुस्तक, एक सिनेमा आणि एक गाण्याची तबकडी दर महिन्याला निवडायची आणि लोकांना सुचवायची. काउंटरवरच्या गौरवीने हात जोडले. ती म्हणाली, मला संगणक पुरे. काम मधुकरकडे आलं, आणि एखाद्या माणसाला जन्मभर जे हवं असतं ते पन्नाशीत मिळावं तसं झालं.

तो सुचवत नसे, तो पुस्तक सादर करत असे. साडेअकराला कपाटाशेजारच्या बाकावर माणसं जमत. निवृत्त बसड्रायव्हर बाबली, भाजीची पाटी बाहेर ठेवून येणारी सोनाबाई, आणि पाच-सहा जण. मधुकर उभा राहून पहिल्या पानापासून सुरू करी. सिनेमा असेल तर दोन्ही बाजूंची भांडणं तोच करी. तबकडी असेल तर आख्खी गुणगुणे, मधल्या बासरीसकट, आणि तेही ‘शांतता राखा’ या पाटीच्या बरोबर खाली. मग शेवट सांगे. काही म्हणजे काही शिल्लक ठेवत नसे. माणसं तृप्त होऊन उठत आणि रिकाम्या हातांनी घरी जात. जेवण झालेल्या माणसाला डबा कशाला?

फेब्रुवारीत कपाटातून एकच पुस्तक बाहेर गेलं होतं. तेही बाबलीने छत्रीबरोबर चुकून उचललं होतं.

पत्र आलं तेव्हा मधुकरला कळेचना. आमच्याकडे नाटकात राक्षस मरणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी माणसं येतातच ना, असं त्याचं म्हणणं. मी त्याला समजावलं की नाटक घरी नेता येत नाही, पुस्तक नेता येतं, म्हणून तू अर्ध्यावर थांबायला शीक. वर हेही म्हटलं, की डिचोलीच्या त्या खोलीत ऐकायला कोणी नसेल, वर्तमानपत्रांना सगळं आधीच ठाऊक असतं. तो हसला नाही. दिवसभर कोणाशी बोलायचं नाही या कल्पनेने तो खरोखर घाबरला होता. म्हणाला, जमवतो.

अठरा तारखेला जमवायला घेतलं. विहिरीत उतरलेल्या एका माणसाची गोष्ट होती. दोर तुटला आणि मधुकर थांबला. शिंक दाबून धरावी तसा चेहरा. माणसं एकमेकांकडे बघू लागली. बाबली उठला, गुडघ्यांवर हात ठेवत कपाटाकडे गेला, पुस्तक हातात घेतलं, गौरवीने नोंदीचं यंत्र सरसावलं. एवढ्यात मधुकर मागून म्हणाला,

“बाबली, तो जिवंत आसा रे.”

“बरां झालां,” बाबली म्हणाला. “रात्री झोप लागली नसती.” आणि पुस्तक जागेवर ठेवून दिलं.

गौरवीने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

सत्तावीस तारखेपर्यंत आकडा तीन होता. एक गौरवीने स्वतः नेलेलं, मधुकरची बडबड चालू असताना कानांत वायर घालून. दुसरं सोनाबाईने सुनेसाठी. तिसरं कोण घेऊन गेलं ते मी त्या दिवशी नव्हते म्हणून माहीत नाही.

गुरुवारी, सत्तावीसला, वरच्या ऑफिसातून ज्योती नावाची तरुण अधिकारी आली. बोलणं सौम्य, काम पक्कं. तिने संगणकात पाहिलं आणि विचारलं की लोक इथे येतात, ऐकतात, हे सगळं सांगता, पण त्याची नोंद कुठे आहे. मधुकरच्या भुवया पहिल्यांदाच खाली आलेल्या मी पाहिल्या.

डायरी माझ्या पिशवीत असतेच, छत्री आणि औषधांबरोबर. मी ती काउंटरवर ठेवली. तीन वर्षांच्या तीन वह्यांपैकी चालू वही. कोणत्या दिवशी मधुकरने काय सांगितलं, बाकावर किती माणसं होती, सगळं त्यात होतं. ज्योतीने माणसं मोजायला सुरुवात केली. मग मोजायचं थांबवून ती वाचू लागली.

इथे मी एक कबूल केलं पाहिजे. माझ्या वहीत एकही गोष्ट पूर्ण नाही. इब्रामपूरची बस बारा दहाला सुटते आणि मधुकरचा शेवट बारा वीसच्या आत कधी येत नाही. पुढच्या वेळी गेले की नवं काही सुरू झालेलं असे, आणि मागचा शेवट विचारणं मला बरं वाटत नसे. ताटावरून उठून गेलेल्याने मागाहून वाढायला सांगू नये. पुस्तक घरी न्यावं हे मात्र मलाही कधी सुचलं नाही. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी मी.

ज्योती ज्या पानावर होती तिथे होडीवाल्याची गोष्ट होती. नदीवर पूल होतो, होडी बंद होणार, शेवटच्या फेरीला एक बाई चढते. तिच्याजवळ पोतं. होडीवाला म्हणतो, खाली ठेव, हात दुखतील. ती ठेवत नाही. आणि खाली माझी ओळ : ‘मध्यावर आल्यावर पोतं हललं. बारा दहाची बस.’

ज्योतीने पान उलटलं. पुढच्या पानावर आमच्या पंपाच्या दुरुस्तीची हकीकत होती.

“पुढे काय झालं?” तिने विचारलं.

मधुकरने श्वास घेतला. राक्षस रंगमंचावर येण्याआधी घेतो तसा, छाती भरून. बाबली बाकावर पुढे सरकला. मी म्हटलं, मधुकर, चहा निवतोय तुझा. त्याने कप उचलला, रिकामा केला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. कपात काही नव्हतं तरी प्यायला. ज्योती त्याच्याकडे बघतच होती.

“बाय,” तो म्हणाला, “दुसऱ्या फळीर आसा.”

एवढंच. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

ज्योतीने ते पुस्तक स्वतःच्या नावावर घेतलं. कपाट वाचवते असं काही ती बोलली नाही. जूनपर्यंतची मुदत लिहून दिली, आणि माझ्या अर्ध्या गोष्टी सुट्या कागदांवर उतरवून कपाटाला चिकटवायला सांगितल्या, बसच्या ओळीसकट. गौरवीने त्या चिकटवल्या. एप्रिलमध्ये बाहेर गेलेल्यांचा आकडा चौतीस झाला, मेमध्ये एकेचाळीस. मधुकर कुठेही जाणार नाही असं पत्र मेच्या शेवटी आलं; त्याने ते मला आख्खं वाचून दाखवलं, अगदी जावक क्रमांकापासून.

बोलणं काही कमी झालेलं नाही. आता पुस्तक परत करायला येणाऱ्याला तो दारातच गाठतो आणि विचारतो, पोचलास शेवटाला? पोचला असेल तर दोघं बाकावर बसतात. नसेल तर त्याला तसाच घरी पाठवतो. बाबलीला दोनदा पाठवलं.

होडीवाल्याचं पुस्तक ज्योतीकडून परत आलं त्या मंगळवारी ते मी माझ्या नावावर घेतलं. गौरवीने नोंद केली. मधुकर शेजारी उभा होता. त्याने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. कदंब बसच्या स्टँडवर बसून मी म्हटलं, बस येईपर्यंत दोन पानं बघू.

त्या दिवशीची नोंद : पुढच्या बसने परत, घरी पोचायला साडेतीन. सकाळी तापवायचं राहिलेलं दूध नासलं होतं, ओतून टाकलं. काळा चहा घेतला.