लायनीतल्या चपला

शेजारची काकी दुपारच्या एसटीनं मुरबाडहून परत आली आणि ओटीवर बसून वाल सोलायला लागली. सकाळी गेली, डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, औषध घेतलं आणि दुपारी घरी! अंगणात कपडे वाळत घालताना माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिचे दोन्ही डोळे वाचले म्हणून आमचं अर्धं वैशाखरे गाव तिला बघायला येत होतं, आणि आमच्या घरात आई भिंतीला हात लावत मोरीकडे चालली होती.

दुखणं दोघींचं एकच. काचबिंदू. तो दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेनं नजर खात येतो आणि खाल्लेलं परत देत नाही. आईचा उजवा डोळा त्यानं गिळला होता, डाव्यातलं थोडंसं उरलं होतं. फरक इतकाच, की आईला तो आधी झाला. कुणी उशिरा आजारी पडलं म्हणून त्याचा हेवा करणारी माझ्यासारखी दळभद्री दुसरी नसेल. पण वाटायचा, आणि अजूनही वाटतो.

आईच्या वेळी मुरबाडच्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचे आणि दुपारी उठून जायचे. बायका पहाटे जाऊन दवाखान्याच्या ओट्यावर चपला रांगेत लावायच्या आणि झाडाखाली बसायच्या. चपलेचा नंबर तो माणसाचा नंबर. रांग सरकली की जिचं लक्ष जाईल ती सगळ्यांच्या चपला पायानं पुढं ढकलायची. लबाडी कुणी करत नसे. केली ती आमच्या आईनंच, तीही उलटी. लांब सिद्धगडाच्या पायथ्याहून आलेली एखादी म्हातारी दिसली की ही आपल्या चपला उचलून तिच्यामागं ठेवायची.

"त्यांची एसटी चुकंल गो. माझं काय दुखतंय?"

डॉक्टर निघून जायचे, आम्ही चपला पायात घालून घरी. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मी चिडायचे, ती हसायची.

आता गावातल्या उपकेंद्रातच नर्सबाई डोळ्याचा दाब बघतात, आतला फोटो काढून डॉक्टरांना पाठवतात. ज्याचं निकडीचं त्याला आधी बोलावणं, आणि यायची वेळ मोबाइलवर. सोय चांगली आहे हो. चांगली आहे म्हणूनच पोटात दुखतं.

"नर्सबाईंना तुझ्या आयचं बोललेय मी," काकी वाल सोलता सोलता म्हणाली. "उद्याच ने तिला. आता थांबावं लागत नाय."

जिच्यावर जळायचं तिचेच उपकार घ्यायचे! घेतले. फोटो गेला, लगेच बोलावणं आलं.

दवाखान्याचा ओटा रिकामा होता. आईनं सवयीनं चपला काढून भिंतीकडेला सरळ लावल्या आणि मागं कुणाच्या आहेत का ते हातानं चाचपून पाहिलं. तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं.

डॉक्टर नवे होते, तरुण. डावा डोळा टिकेल, म्हणाले, फक्त थेंब चुकवू नका. माझा जीव भांड्यात पडला. उजव्यावर मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा उजेड टाकला आणि जरा रागानंच विचारलं, "आजी, इतके दिवस होतात कुठे?"

मी तोंड उघडणार, तोच आई बोलली.

"इथंच होतो की," दाराकडे बोट करून ती म्हणाली. "भाईर. आमच्या चपला होत्या लायनीत."